शाळेच्या वेळापत्रकामागचा इतिहास



दिवाळीची सुटी संपते, शाळेचे दुसरे सत्र सुरू होते आणि वर्गाच्या भिंतीवर पुन्हा वेळापत्रक लागते. सहावी, सातवी व आठवी या तीन इयत्तांना आपण उच्च प्राथमिक वर्ग म्हणतो. या वर्गांच्या वेळापत्रकावर गणित, विज्ञान, भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि सोय असेल तेथे उर्दू, अशी नावे ओळीने लिहिलेली असतात. मुले ती वहीत उतरवून घेतात आणि विसरूनही जातात.

पालकसभेत मात्र याच नावांवरून एक प्रश्न हमखास निघतो. "सर, मुलाला लिहिता-वाचता आले, हिशेब आला. आता हे क्ष आणि य, रेखावृत्ते आणि भिंगे कशासाठी? आमच्या धंद्यात त्याचे काम काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याच्या घरी महिन्याचा खर्च भागवताना ओढाताण होते, त्याला असे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक समजूत दडलेली असते. हे विषय दुसऱ्या कोणाचे तरी आहेत, आपले नव्हेत, ही ती समजूत होय. तिचे उत्तर इतिहासात सापडते. म्हणून या सहामाहीत आपली मुले जे शिकणार आहेत, त्यातील काही विषयांचा इतिहास आपणांपुढे थोडक्यात ठेवीत आहे.

गणित : क्ष आणि वारसाचा हिस्सा

गणितापासून सुरुवात करू. आठवीच्या मुलांना एकचल समीकरणे सोडवावी लागतात. उदाहरणार्थ,

५क्ष − ८ = २क्ष + १३

येथे मुलगा काय करतो? डावीकडील वजा आठ नाहीसे व्हावेत म्हणून दोन्ही बाजूंत आठ मिळवतो. मग ५क्ष = २क्ष + २१ असे होते. नंतर दोन्ही बाजूंतून २क्ष काढून टाकतो. ३क्ष = २१ उरतात, म्हणून क्ष = ७.

या दोन पायऱ्यांना सुमारे बाराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये नावे मिळाली. खलिफा मामून याच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. ८१३ ते ८३३ या काळात, तेथे महंमद बिन मूसा अल् ख्वारिज्मी नावाचा विद्वान काम करीत होता. वजा पद भरून काढण्याला त्याने 'जब्र' म्हटले आणि दोन्ही बाजूंची सारखी पदे समोरासमोर ठेवून वळती करण्याला 'मुकाबला' म्हटले. जब्र या शब्दाचा एक अर्थ मोडलेले हाड सांधणे असाही होतो. आपल्याकडचा हाडवैद्य जे हाडाचे करतो, तेच ख्वारिज्मीने समीकरणाचे केले. पुढे युरोपात या विद्येला 'अल्जिब्रा' हे नाव पडले ते याच शब्दावरून. कोणतेही काम ठरलेल्या पायऱ्यांनी करण्याच्या रीतीला संगणकाच्या क्षेत्रात 'अल्गोरिदम' म्हणतात. तो शब्द तर खुद्द ख्वारिज्मीच्या नावावरूनच बनला.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. ख्वारिज्मीने हे पुस्तक कशासाठी लिहिले? त्याच्या ग्रंथाचा मोठा भाग मृत्युपत्रे व वारसांच्या वाटण्या यांच्या उदाहरणांनी भरलेला आहे. लोकांना व्यापार, जमिनीची मोजणी आणि वारसाहक्क यांचे हिशेब बिनचूक करता यावेत, हा त्याचा हेतू होता. म्हणजे बीजगणित जन्मले तेच व्यवहाराच्या कामासाठी.

एक साधे उदाहरण घ्या. एक गृहस्थ निवर्तला. मागे पत्नी, एक मुलगा व एक मुलगी आहेत. देणी फेडून चोवीस हजार रुपये उरले. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे तीन हजार. राहिलेल्या एकवीस हजारांत मुलाचे दोन भाग व मुलीचा एक, म्हणजे चौदा हजार आणि सात हजार. या हिशेबात अपूर्णांक आहेत, गुणोत्तर आहे, आणि हे दोन्ही याच वर्गांत शिकवले जातात. शेकडेवारीचेही तसेच. जकात शेकडा अडीच, म्हणजेच चाळिसावा हिस्सा, हे सातवीतल्या मुलाला पाटीवर मांडून दाखवता आले पाहिजे.

येथे मुलींच्या पालकांना मुद्दाम एक गोष्ट सांगावीशी वाटते. हिस्सा धर्माने सांगितला आहे आणि कायद्याने मानला आहे. परंतु ज्या मुलीला तो मोजता येत नाही, तिच्या पदरात तो पुरता पडेलच याची खात्री कोणी द्यावी? अपूर्णांक शिकण्याच्या वयात तिला शाळेतून काढणे म्हणजे तिच्या हक्काचा कागद तिच्याच हातून काढून घेणे होय.

अंकांची येरझार

ख्वारिज्मीने आणखी एक पुस्तक लिहिले. ते हिंदुस्थानातील अंकांवर होते. शून्य आणि स्थानमूल्य यांची पद्धत हिंदुस्थानची, हे त्याने लपवले नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' हा ग्रंथ लिहून शून्य व ऋण संख्या यांचे नियम सांगितले होते. पुढे आठव्या शतकात हिंदुस्थानातील ज्योतिषाचे ज्ञान बगदादला पोहोचले आणि अरबीत उतरले. अरब आजही आपल्या अंकांना 'हिंदी' अंक म्हणतात. युरोपने ते अरबांकडून घेतले, म्हणून त्यांना 'अरबी' अंक म्हटले. लिओनार्दो फिबोनाची हा इटालियन व्यापाऱ्याचा मुलगा उत्तर आफ्रिकेतील बंदरात हे अंक शिकला आणि १२०२ मध्ये त्याने त्यांवर ग्रंथ लिहिला. ज्याने ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव त्याने राखले, हा या इतिहासातला फार मोठा गुण आहे.

देवघेव एकाच दिशेने झाली असेही नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' पुरा केला. 'लीलावती' हा त्याचाच भाग मानला जातो. त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. या 'लीलावती'चे फारसी भाषांतर १५८७ मध्ये अकबर बादशहाच्या आज्ञेवरून त्याच्या दरबारातील कवी फैजी याने केले. शहाजहानच्या काळात भास्कराचार्यांचे 'बीजगणित'ही अताउल्ला रशीदी याने फारसीत आणले. खानदेशच्या डोंगराशी नाते सांगणारे गणित दिल्ली-आग्र्याच्या मदरशांत वाचता येऊ लागले. हे गणित कोणाचे म्हणावे? ज्याने शिकून घेतले त्याचे, एवढेच उत्तर देता येते.

भूगोल : किब्ला आणि घड्याळ

सहावीच्या मुलांना अक्षवृत्ते व रेखावृत्ते शिकावयाची असतात आणि आठवीत स्थानिक वेळ व प्रमाण वेळ यांचा पाठ असतो. मुले हा भाग नुसता घोकतात. घरच्या उदाहरणाने पाहिला तर तो सहज समजतो.

मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व रेखावृत्तावर आहे आणि मक्का सुमारे ४० अंशांवर. फरक ३३ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. म्हणून मुंबईत सूर्य माथ्यावर आला की त्यानंतर १३२ मिनिटांनी, म्हणजे दोन तास बारा मिनिटांनी, तो मक्केत माथ्यावर येतो. मग सौदी अरेबियात असलेल्या नातेवाइकांचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे का असते? कारण आपले घड्याळ ८२ अंश ३० मिनिटे या रेखावृत्ताचे आणि त्यांचे ४५ अंशांचे. फरक साडेसदतीस अंशांचा, त्याची चारपट केली की १५० मिनिटे. ज्या घरातील माणसे आखातात कामाला आहेत, त्या घरात तरी हा पाठ परका वाटू नये.

या विषयातला मोठा पुरुष म्हणजे अल् बिरुनी. त्याचा जन्म ९७३ मध्ये ख्वारिज्म प्रांतात झाला. गझनी शहरातून किब्ल्याची दिशा नेमकी कोणती, हे गणिताने काढण्यासाठी त्याने शहरांमधील अंतरे व त्यांचे अक्षांश-रेखांश यांवर एक ग्रंथ लिहिला. आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्याजवळ त्याने पृथ्वीची त्रिज्या मोजली. रीत अशी : प्रथम डोंगराची उंची काढावयाची, मग माथ्यावर उभे राहून क्षितिज आडव्या रेषेपासून किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजावयाचा. एवढ्या दोन मापांवरून सगळ्या पृथ्वीचा आकार हिशेबाने काढता येतो.

परंतु बिरुनीची दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. तो महमूद गझनवीच्या काळात हिंदुस्थानात आला. स्वाऱ्या आणि लूट यांचा तो काळ. अशा काळात बिरुनी पंडितांजवळ बसून संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. येथील लोकांचे म्हणणे त्यांच्याच ग्रंथांतून समजून घ्यावयाचे आणि जसेच्या तसे मांडावयाचे, हा त्याचा बाणा होता. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा शिकताना कंटाळणाऱ्या आपल्या मुलांना बिरुनीची आठवण करून द्यावी.

विज्ञान : खोक्यातला उजेड

विज्ञानात प्रकाश, सावली व परावर्तन हे पाठ या तीन वर्षांत येतात. पुठ्ठ्याच्या खोक्याला टाचणीने बारीक भोक पाडून पलीकडे पातळ कागद लावला की समोरच्या पेटत्या मेणबत्तीची उलटी प्रतिमा कागदावर उमटते. हा प्रयोग घरी पाच मिनिटांत होतो.

ती उलटी का दिसते? प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणून. बसऱ्यात जन्मलेल्या व कैरो येथे राहिलेल्या इब्न अल् हैसम याने अंधाऱ्या खोलीत दिवे मांडून हे तपासले. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे त्यापूर्वी अनेक विद्वान मानीत. प्रकाश वस्तूवरून डोळ्यांत येतो म्हणून दिसते, हे त्याने युक्तिवादाने व प्रयोगाने दाखवले. २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून पाळले गेले तेव्हा त्याच्या ग्रंथाला सुमारे हजार वर्षे झाली म्हणून जगभर त्याचे स्मरण झाले. मोठ्या नावाने सांगितले म्हणून खरे मानू नये, तपासून पाहावे, हा त्याचा धडा होय. विज्ञानाच्या तासाला हेच तर शिकावयाचे असते.

भाषा व इतिहास : आपण पाहुणे नव्हे

मराठीच्या तासाला काही मुले बुजतात. त्यांना त्यांचेच दप्तर उघडून दाखवावे. दप्तर, कागद, कलम, तारीख, हजेरी, हिशेब, नकाशा, जिल्हा, तालुका, सवाल हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन घरचे झाले. वजाबाकीतली बाकीसुद्धा तिकडचीच. उलट श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि मराठी संतांच्या मालिकेत ते जाऊन बसले. मराठी शिकणे म्हणजे आपले काही सोडणे नव्हे, हे त्यांच्या उदाहरणाने दिसते.

इतिहासाचेही तसेच आहे. मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या आरंभी कोकणात चौलला आला होता. तेथे राहणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठ्या वस्तीचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. मलिक अंबर याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे शहर वसवले आणि जमिनीखालून नहरीने तेथे पाणी खेळवले. आठवीच्या मुलांना स्वातंत्र्यलढा शिकावयाचा असतो. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, अशी त्यांची नावे. ही चार नावे एका दमात म्हणता येणे, हाच इतिहासाचा व नागरिकशास्त्राचा एकत्र धडा आहे.

कडी कोठे निखळली?

येथवर वाचून कोणाला वाटेल, पूर्वजांनी एवढे केले, मग आपण मागे का? हा प्रश्न टाळून चालणार नाही.

शंभर-दोनशे वर्षांपूर्वी आपल्या गावांत दोन प्रकारच्या शाळा असत. पंतोजींच्या शाळेत मोडी अक्षर, पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी शिकवीत. मक्तबात कुराणपठण आणि पुढे फारसीत सादीचे 'गुलिस्ताँ' व 'बोस्ताँ' असत. दोन्हींत नकाशा नव्हता, प्रयोग नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईत नव्या शाळा व मराठी क्रमिक पुस्तके निघू लागली आणि भूगोल, बीजगणित, भूमिती हे विषय आपल्या भाषेत आले. १८४० मध्ये सरकारने शिक्षणासाठी बोर्ड नेमले, तेव्हा त्यावर नाना शंकरशेट व फ्रामजी कावसजी यांच्याबरोबर महंमद इब्राहिम मकबा हेही होते. म्हणजे आरंभी आपला माणूस त्या मंडळात बसलेला होता.

परंतु समाज त्याच्यामागे वेळेवर गेला नाही. १८३७ च्या कायद्याने सरकारी कचेऱ्यांतील फारसीचे जुने स्थान गेले, तरी आपण जुन्याच अभ्यासक्रमाला धरून राहिलो. नव्या शाळेत घरची भाषा नाही, दीनी तालीम नाही, ही तक्रार खोटी नव्हती. पण तिच्यावर उपाय काढण्यात दोन पिढ्या गेल्या. बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम स्थापली आणि १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. १८८२ च्या हंटर कमिशनला मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार करावा लागला, यावरून पिछाडी किती होती याची कल्पना येते.

वाट दाखवणारे त्या काळीही होते. सावित्रीबाई फुले यांच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात त्यांच्या कामातील सोबतीण फातिमा हिचा उल्लेख येतो. कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू महाराजांच्या आश्रयाने मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले आणि १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. उशीर झाला तो दारे बंद होती म्हणून जितका, तितकाच आपण उंबऱ्यावर थांबलो म्हणूनही.

तोच उंबरठा आज उच्च प्राथमिक वर्गांत येतो. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एक तर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली. २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी देतो. आठवीनंतर मात्र मुलाचा हात धरावयाचा तो पालकांनीच.

या सहामाहीत आपण काय करावे?

मोठ्या योजनांची वाट न पाहता घरी करता येतील अशा चार गोष्टी सुचवतो.

पहिली, आठवड्यातून एकदा मुलाला, "या आठवड्यात नवीन काय शिकलास, ते मला समजावून दे," असे म्हणावे. आपण शिकलेले नसलो तरी ऐकता येते. दुसऱ्याला समजावताना मुलाचे स्वतःचे पक्के होते.

दुसरी, घरचे हिशेब मुलांकडून करवून घ्यावेत. वीजबिल, जकात, दुकानाची उधारी यांत शेकडेवारी आपोआप येते.

तिसरी, लग्नसराई, हंगाम किंवा दुकानातील गर्दी यांसाठी मुलाची शाळा चुकवू नये. समीकरणाच्या पाठाचे चार दिवस बुडाले की पुढचे सारे प्रकरण अंधारात जाते आणि मग मूल म्हणते, मला गणित येत नाही.

चौथी, मुलगी आठवी झाली की तिचे नाव नववीत घालावयाचे, हे आजच घरात ठरवून टाकावे. परीक्षा संपल्यावर ठरवू म्हटले की बहुधा ते राहून जाते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे शब्द तुमच्यासाठी. ख्वारिज्मीच्या नावाने तुम्हांला गणितात एक गुणही जास्त मिळणार नाही. पूर्वजांचा अभिमान उत्तरपत्रिकेत लिहिता येत नाही. पण त्यांची सवय मात्र उचलता येते. ख्वारिज्मीने हिंदुस्थानचे अंक शिकून घेतले, बिरुनीने संस्कृत शिकून घेतली, फैजीने 'लीलावती' फारसीत उतरवली. यातील कोणीही, हे तर दुसऱ्यांचे आहे, असे म्हणून पुस्तक मिटले नाही. उद्या पहिल्या तासाला फळ्यावर क्ष दिसेल, तेव्हा तुम्हीही पुस्तक मिटू नका. समजले नाही तर हात वर करा आणि विचारा. आम्ही शिक्षक त्यासाठीच वर्गात उभे आहोत.